बाहेरची कडी

१

आमच्या घरात एक नियम आहे. तो मी केला नाही, माझ्यामुळे झाला. नियम असा की बाबांनी, म्हणजे मी, काहीही चाळा केला तरी दाद द्यायची नाही. साखरेच्या डब्यात मीठ निघालं तर मुकाट्याने चहा प्यायचा आणि वर म्हणायचं, "आज छान झालाय." बुटात लिंबू सापडलं तर लंगडत जायचं, पण विचारायचं नाही. हसलात किंवा चिडलात, की म्हातारा जिंकला.

ह्या नियमाची संस्थापक आमची ही. लग्न होऊन ही घरी आली त्याच आठवड्यात मी हिच्या कपड्यांच्या पेटीला एक खोडसाळ कुलूप घातलं. किल्ली फिरते, पण कुलूप उघडत नाही, असलं. मला वाटलं, बाई रडेल, भांडेल, निदान विचारील तरी. छे! आठवडाभर त्याच कपड्यांत वावरली. शेवटी मीच कंटाळून कुलूप काढलं. तेव्हा शांतपणे म्हणाली, "झालं तुमचं?"

मी कुलूपवाला. खाली दुकान, वर घर. शाळेत फार टिकलो नाही. मास्तरांच्या कपाटाचं कुलूप टाचणीने उघडून दाखवलं, तेव्हा मास्तरच म्हणाले, बाळ, तुझं शिक्षण पूर्ण झालं. अक्षरओळख बेताची, पण कान पक्का. कुलूप कुठलं, कडी कसली, लावणारा कोण, हे मी पाठ फिरवून सांगतो. आता दुकान मुलगा बघतो. मी गिऱ्हाइकांना छळायला बसतो.

माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पितळी किल्ली तडकलेली आहे. त्यामुळे जुडगा नीट वाजत नाही. छन, छन, चट्ट, असा वाजतो. जिन्यात तो आवाज आला की ही गॅसवर चहा ठेवते. जगात तसा दुसरा जुडगा नाही. असं मला तेव्हा वाटायचं.

२

हिला द्राक्षमळे बघायचे होते. फार वर्षांपासून. दातवाल्या डॉक्टरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यात टेकडीवरून खाली उतरणाऱ्या वेलींच्या ओळी आणि वर धुकं. दाढ काढायला गेली आणि मळा घेऊन परत आली. "एकदा तिथे बसून दोन घोट वाइन प्यायची. बस्स," म्हणायची. तोवर थेंबसुद्धा चाखला नव्हता तिने.

मी टर उडवायचो. "आंबलेल्या रसासाठी एवढं लांब कशाला? द्राक्षं झाकून ठेव माळ्यावर, मी धुकं करतो तोंडाने."

पण यंदा मुलाने गाडी घेतली, आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायला लागला. सूनबाई फोनवर उतरायच्या जागा शोधायच्या. मुलाने कुठेतरी एक लेख वाचला होता, तेवढ्यावर तो पंडित झाला. पेला कसा धरायचा, कसा फिरवायचा, सगळं पाण्यावर शिकवायचा.

"बाबा, वाइन आधी नाकाने घ्यायची असते."

"मग तोंड काय भाड्याने देऊ?"

अशी संधी मी सोडतो होय? दुकानात एक जुना काळा फोन आहे, घरातला वेगळा. पान खाऊन येतो म्हणून खाली गेलो, नाक चिमटीत धरलं आणि वर फोन लावला. सूनबाईंनी उचलला.

"मळेवाला बोलतोय," मी नाकातून म्हणालो. "आपण आमच्या भागात येताय असं कानावर आलं. आमचं घर अगदी मळ्याला लागून. निळं दार. खाली तळघरात वाइनची पिंपं, वर पाहुण्यांच्या खोल्या. जेवायला लांबच लांब टेबल."

"खोल्या चांगल्या आहेत ना, काका?"

"उत्तम! फक्त दाराला आतून कडी नाही. बाहेरून आहे. पाहुणे न सांगता पळू नयेत म्हणून."

मग सूनबाई गंभीरपणे म्हणाल्या, "चालेल, काका. आम्हाला पळायची सवय नाही."

मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. वर गेलो तर तिघंही दगडासारखी बसलेली. "बाबा, एका मळेवाल्या काकांचा फोन होता," मुलगा म्हणाला. "अरे वा! कोण बुवा?" मी म्हणालो. तिघांनीही मला ओळखलं होतं, मी त्यांना ओळखलं होतं, आणि कुणीही पापणी हलवली नाही. ह्याला म्हणतात कुटुंब.

नंतर मी आणखी एकदोनदा फोन केले. कुत्रा आहे पण भुंकत नाही, वगैरे काहीबाही सांगितलं. पण कधी पत्ता सांगितला नाही. जागाच नव्हती, तर पत्ता कुठला सांगणार?

३

एका संध्याकाळी मी टेबलाशी संत्रं सोलत बसलो होतो. समोर मुलगा, शेजारी सूनबाई. फोन वाजला. हिने उचलला.

"हो, काका, बोला... नाही, जिना चालेल... हो, गुडघा दुखतो ह्यांचा, उजवा... अय्या, कशाला एवढं!"

फोन ठेवून ही म्हणाली, "मळेवाले काका होते. टेकडीकडची खोली आपल्याला ठेवलीय. खिडकीतून वेलींच्या ओळी दिसतात म्हणे."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "समोर बसून? मानलं तुम्हाला."

आता आली का पंचाईत! माझ्या हातात संत्रं. तोंडात संत्रं. मी फोन केलाच नव्हता. पण मनात म्हटलं, शाब्बास, पोरांनी डाव उलटवला. न्हाव्याला हाताशी धरलेलं दिसतंय.

न्हावी म्हणजे माझा जुना दोस्त, समोरच्या गल्लीत खुर्ची टाकून बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला गाठलं. "काय रे लबाडा, नाकातून बोलायला कधी शिकलास?"

"मी?" त्याने हातातला वस्तरा खाली ठेवला. "पुढचे दात पडल्यापासून मला तोंडातूनच धड बोलता येत नाही." तरी माझ्या समाधानासाठी नाक धरून बोलून दाखवलं. खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं. शेळीला ताप आल्यासारखा आवाज.

"मग कोण?"

"अरे लेका, तुझ्याइतका रिकामा दुसरा आहे कोण?"

तसाच दुकानावर आलो. मुलगा कुठे तरी कुलूप बसवायला गेला होता, शटर बंद. मी उघडून आत शिरलो. टेबलावर काळा फोन. सहज रिसीव्हर उचलला, तर कानाला ऊब लागली. नुकताच कुणीतरी बराच वेळ धरून बोलल्यावर लागते तशी. तोंडाकडची जाळी दमट होती.

ऊन पडलं असेल, मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आमच्या दुकानात ऊन येत नाही, हे मला न्हाव्याने सांगायची गरज नव्हती.

४

त्यानंतर मी फोनवर डोळा ठेवून बसलो. दुपारी सगळे बाहेर होते. ही आणि सूनबाई प्रवासासाठी बूट घ्यायला गेलेल्या. फोन वाजला, मी उचलला आणि काही बोललो नाही. टवाळाचं पहिलं शास्त्र हेच : समोरच्याला आधी बोलू द्यावं.

समोरचाही बोलला नाही. त्यालाही शास्त्र ठाऊक असावं.

मी ऐकत राहिलो. मागे एक खोली होती. लांब खोली; आवाज भिंतीवरून परत यायला किती वेळ घेतो, त्यावरून हे कळतं. कुणीतरी पेले मांडत होतं, एक ठेवला, मग चार पावलं, मग दुसरा. लांबच लांब टेबल असल्यासारखं.

मग तो बोलला. माझाच बनवलेला आवाज. पण मी नाक दाबतो तेव्हा अधूनमधून चिमटी सुटते, शब्द फुटतो. ह्याचा फुटत नव्हता. ह्याला चिमटी लागतच नव्हती.

"कडी बघून ठेवली," तो म्हणाला. "बाहेरची. तेल दिलंय."

आणि तो चालायला लागला असावा, कारण मागून आवाज आला. छन, छन, चट्ट.

माझा जुडगा माझ्या मुठीत होता. मी मूठ आवळली. पलीकडे तो वाजतच राहिला.

मी फोन ठेवला. बुद्धी सांगत होती, अरे, तारेतून तुझाच आवाज परत येत असेल. बुद्धीचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही, पण त्या दिवशी मी तिचे पाय धरायला तयार होतो.

५

रात्रीच्या जेवणाला मी घसा खाकरला.

"हे बघा. थट्टा बाजूला. पहिले फोन माझे होते. आताचे माझे नाहीत. तो मळेवाला कोण आहे मला माहीत नाही, आणि तिथे कुणीही जायचं नाही."

कुणी जेवायचं थांबलं नाही. "बरं, बाबा," मुलगा म्हणाला. सूनबाईंनी मला मिठाची वाटी दिली. मी मीठ मागितलं नव्हतं.

"अरे, शपथेवर सांगतो!"

"सूप छान झालंय," ही म्हणाली.

तीन सरळ चेहरे. आयुष्यभर मी त्या चेहऱ्यांशी खेळलो, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आतून कडी लावलेलं दार बाहेरून कसं दिसतं.

मी उठून आमच्या खोलीत गेलो. थोड्या वेळाने ही आली. पलंगावर तिची बॅग भरून तयार. ती शेजारी बसली आणि तिने माझ्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, कळलंय मला सगळं," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या मळ्याची टर उडवलीत, आणि आता गुपचूप सगळं ठरवलंत. खोली काय, खिडकी काय. नका सांगू. सांगितलंत तर मजा जाईल."

"अगं, पण..."

"रस्ता किती बारकाईने सांगितलात! सुनेने नकाशावर काढूनसुद्धा ठेवला."

"कुणी सांगितला रस्ता?"

"मळेवाल्या काकांनी," ती म्हणाली, आणि हसली. तिचं ते हसणं मी फार वर्षांनी बघितलं. डॉक्टरकडून दाढ काढून आली होती तेव्हा सुजलेल्या गालाने अशी हसली होती. ते हसणं पुसायचं, म्हणजे तिला सांगायचं की तुझ्यासाठी कुणी काही केलं नाही, होती ती नुसती टवाळी. मी नुसती तिच्या बॅगेची चेन ओढून बघितली.

बाहेरून कडी असलेल्या त्या खोलीत ही झोपणार होती.

६

मग मी मला जमणारी एकच गोष्ट केली. गाडीची किल्ली पळवली. अशीतशी लपवली नाही. दुकानात एक जुनं बोजड कुलूप पडून आहे, त्याचं पोट उघडलं, आतले भाग काढले, किल्ली घातली, पत्रा परत आवळला आणि ते भंगाराच्या ढिगात टाकलं. तिथे ती खुद्द माझ्या मुलाला सापडली नसती, आणि तो माझ्या हाताखाली शिकलेला.

निघायच्या सकाळी मी मजेत दाढी करत होतो. बाहेर शोधाशोध चालली होती. फोन वाजला. मुलाचा आवाज आला, "हो, काका... काय सांगता! थांबा हं." जिन्यावरून पावलं खाली गेली. मग वर आली.

"कुलपाच्या पोटात!" तो न्हाणीघराच्या दारात किल्ली नाचवत उभा राहिला. "बाबा, हे मात्र अफाट होतं."

माझ्या गालावर साबण तसाच. मला एकच उपाय उरला. "मी येणार नाही," मी म्हणालो. "मी नसेन तर कुणीच जायचं नाही." कारण मला सोडून ही कधी कुठे मुक्कामाला गेली नव्हती. साधी बहिणीकडे नाही. मला पक्की खात्री होती की ती बॅग खाली ठेवील.

हिने सुनेकडे बघितलं. सुनेने हिच्याकडे.

"बरं," ही म्हणाली. "तिथे भेटूच."

त्यांना वाटलं, मी आधीच पुढे पोचून निळ्या दारात उभा राहणार आहे. माझ्यासारख्या माणसाने तेच केलं असतं, हे मलाही कबूल आहे.

मी खाली उतरेपर्यंत गाडी सुरू झाली होती. गुडघ्याने काही मला पळू दिलं नाही. हिने मागच्या काचेतून हात हलवला. निरोपाचा नव्हे. थोड्याच वेळात भेटणाऱ्या माणसाला हलवतात, तसा.

७

दिवसभर मी फोनपाशी बसलो. हिचा मोबाइल लावत होतो, दिवेलागणीला एकदाची रिंग गेली.

"पोचलात का?"

"कोण बोलतंय?" मागे पेल्यांचे आवाज. लांब खोली.

"कोण म्हणजे? मी!"

ती खुदकन हसली आणि फोन तोंडापासून दूर धरून कुणाला तरी म्हणाली, "अहो, ऐका तरी! तुमचा न्हावी. काय हुबेहूब आवाज काढतो तुमचा!"

"अगं, मीच आहे. घरून बोलतोय. तुझ्यासमोर कोण आहे?"

"आणि ओरडतात पण ह्यांच्यासारखंच," ती खूश होऊन म्हणाली. "न्हावीदादा, तुम्ही पण यायला हवं होतं हो. दार खरंच निळं आहे. आम्ही आलो तर हे दारात उभे, मालकासारखे! दोन घोट घेतले मी. ह्यांनी स्वतःच्या हाताने ओतून दिले. आयुष्यात पहिल्यांदा."

"ऐक. लग्नानंतर तुझ्या पेटीला कुलूप कुणी घातलं होतं? हे न्हाव्याला माहीत नाही. आपल्या दोघांशिवाय कुणालाही माहीत नाही. ते खोडसाळ कुलूप. तू आठवडाभर बोलली नाहीस."

ती गप्प झाली. वाटलं, पटलं. देवा, पटलं.

"आत्ताच तीच गोष्ट सांगत होते हे सगळ्यांना," ती म्हणाली. "तुम्हालाही पढवून ठेवलीय वाटतं!"

मागून पावलं आली. उजवा पाय जरासा ओढत. छन, छन, चट्ट. मी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

मग फोनच्या अगदी जवळून आवाज आला. नाकातला नाही. चिमटी नाही. रोज सकाळी दाढी करताना मी ज्या आवाजात गुणगुणतो, तो.

"ठेव गं फोन. दाद द्यायची नाही."

८

पोलीस चौकीत गेलो. तिथला साहेब मला बघूनच खुर्चीत सरसावून बसला. मागे एकदा मी स्वतःची कवळी चोरीला गेल्याची तक्रार कवळी घालून केली होती. त्याने चहा मागवला, माझं सगळं ऐकलं, आणि चेहरा सरळ ठेवून म्हणाला, "छान." नियम गल्लीभर पसरला होता तर. नकाशा सूनबाईंनी सोबत नेलेला. तिथून न्हाव्याकडे गेलो; त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि घरी आणून सोडलं.

ते परत आले तेव्हा दुपार होती. लख्ख दुपार, मुद्दाम सांगतो, उगाच अंधाराला बोल लावायला नको. खाली गाडी थांबल्याचं ऐकून मी खिडकीशी गेलो. मुलगा उतरला. सूनबाई उतरल्या, कुशीत दोन बाटल्या. ही उतरली. गाल लाल, केसांत द्राक्षाचं एक पान खोचलेलं. धडधाकट होती. मी डोळे पुसले. हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ही मागच्या दाराकडे वळली आणि वाकून तिने हात पुढे केला.

"हळू," ती म्हणाली. "गुडघा सांभाळा."

गाडीतून एक हात बाहेर आला आणि तिच्या खांद्यावर विसावला. मी एवढंच बघितलं. त्या बोटांवर कानशीचे जुने ओरखडे होते. मी माझ्या बोटांकडे बघितलं नाही.

जिन्यात आवाज सुरू झाला. छन, छन, चट्ट. मी धावलो, आतली कडी लावायला हात वर नेला, आणि हात नुसता लाकडावर फिरला. कडी नव्हती. तिच्या जागी स्क्रूची भोकं होती, आणि ती रंगाने बुजलेली, जुनी. ती कडी मी स्वतः बसवली होती, ह्या घरात आलो त्या वर्षी.

मग मी दाराला खांदा लावला.

"अहो," बाहेर हिचा आवाज आला, "आत कुणीतरी आहे वाटतं. दार रेटतंय."

"अगं, मी आहे! मी!" मी ओरडलो.

बाहेर सगळे गप्प झाले. माझी ही, माझा मुलगा, माझी सून. ते तीन सरळ चेहरे मला बंद दारातूनही दिसत होते. दगडासारखे. बिचारी, किती नीट पाळत होती नियम.

"असू दे," बाहेरचा मी मायेने म्हणालो. "चला, आधी खाली दुकानात बसून चहा घेऊ."

आमच्या दाराला बाहेरून कडी कधीच नव्हती. पण ती सरकली. मी आवाजावरून सांगतो : नवी, तेल दिलेली, आणि लावणारा हात माहीतगार.